दाभोळकरांनी आम्हा द्राक्षवाल्यांना काय दिलं

कवठेमहांकाळ भागातल्या एका तरुण बागायतदारानं विचारलंय: "तुम्ही बोलताना श्री. अ. दाभोळकरांचं नाव वारंवार घेता. त्यांच्या विचारानं तुमची शेती बदलली म्हणता. नेमकं काय बदललं? दहा गुंठ्यांत कुटुंब जगतं हे त्यांचं म्हणणं खरं का? आणि आज माझ्याकडं कन्सल्टंटचं शेड्यूल आहे, मोबाईलवर हवामान कळतं, मग इतक्या जुन्या विचाराचा मला उपयोग काय?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी तासगाव तालुक्यात द्राक्षं करत म्हातारा झालो. या माणसाच्या विचाराशिवाय माझी बाग कशी असती याची मला कल्पनाच करता येत नाही. म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

आधी माणूस कोण ते. तुमच्या वयाच्या मुलांना दाभोळकर म्हटलं की डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतात. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे त्यांचे थोरले बंधू. घराणं साताऱ्याचं. शिक्षणतज्ज्ञ देवदत्त दाभोळकर हेही याच घरातले. श्रीपादराव शेतकी पदवीधर नव्हते, ते गणिताचे प्राध्यापक होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवलं, पुढं कोल्हापुरात राहून शेतकऱ्यांच्या संगतीत काम केलं आणि त्यातून 'प्रयोग परिवार' उभा राहिला. ग्रामीण भागासाठी विज्ञान वापरल्याबद्दल त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. २००१ साली ते गेले. आपल्या तासगाव भागातले द्राक्षवाले त्यांच्या विचाराला फार लवकर लागले, आणि माझ्या मते सांगलीची द्राक्षं जी पुढं गेली त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

मी त्यांच्याशी समोरासमोर कधी बोललो नाही. त्यांचा विचार माझ्यापर्यंत आला तो चुलत्यांकडून. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण त्यांच्या खोलीत आलेखाच्या कागदांचा गठ्ठा असायचा आणि दुसऱ्या गावच्या बागायतदारांची पत्रं असायची. "तुमच्याकडं काडी किती दिवसांत पिकली, आमच्याकडं इतक्या दिवसांत पिकली," असा मजकूर. काडी म्हणजे वेलीची फांदी. शाळेत असताना मला वाटायचं, हे लोक एकमेकांना ख्यालीखुशाली का लिहीत नाहीत?

आता नेमकं काय बदललं ते.

त्या काळात बाग जोखायची पद्धत एकच होती: किती घातलं. शेणखताच्या गाड्या किती, पेंड किती, युरियाची पोती किती. माल आला तर खतामुळं, गेला तर खत कमी पडलं म्हणून. दाभोळकरांनी या हिशोबाची सुरुवातच दुसऱ्या टोकाकडून केली. झाड वाळवून वजन केलं, तर त्यातला ९५ टक्क्यांच्या आसपास भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन या तिघांचा असतो. म्हणजे तो हवेतून आणि पाण्यातून आलेला. मातीतून येणारं सगळं मिळून उरलेल्या पाच टक्क्यांच्या आसपास. ते पाच टक्के लागतातच, त्यावाचून झाड चालत नाही. पण पंचाण्णव टक्के जिथं तयार होतं ते पान, आणि ते तयार करायला लागतो तो सूर्य, यांच्याकडं आपण ढुंकूनही बघत नव्हतो. ऊन फुकट मिळतं म्हणून त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. त्यांनी तो ठेवायला लावला. एकरावर ऊन किती पडतं, त्यातलं पान किती पकडतं, पकडलेल्यातलं फळात किती जातं. गणिताचा माणूस असल्यामुळंच त्यांना हा प्रश्न सुचला असणार.

हे पुस्तकी वाटत असेल, तर बागेत आणून दाखवतो.

थॉमसन किंवा तास-ए-गणेश या द्राक्षाच्या जातींचं एक पूर्ण वाढलेलं पान घ्या. आलेखाच्या कागदावर पालथं दाबून ठेवा आणि पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ ओढा. आतले सेंटीमीटरचे चौकोन मोजा, कडेचे अर्धे अर्धे जोडून एक धरा. सुदृढ पान साधारण १६० ते १७० चौरस सेंटीमीटर भरतं. मण्याचं एक ग्रॅम वजन नीट, गोडीसकट तयार व्हायला साधारण ८ ते १० चौरस सेंटीमीटर पान लागतं. एका घडाला सोळा पानं धरली, तर क्षेत्र झालं २६४० चौरस सेंटीमीटर. आठनं भागा, म्हणजे ३३० ग्रॅमचा घड ती पानं पोसू शकतात. त्याच काडीवर तुम्ही अर्ध्या किलोचा घड धरलात तर मणी फुगेल, जीए (वाढीचं संजीवक) मारून लांबेलही, पण गोडी उतरणार नाही, देठ कच्चा राहील, आणि पुढच्या वर्षीच्या काडीत साठा राहणार नाही.

इथपर्यंत आज कुठलाही कन्सल्टंट सांगतो. पुढचा हिशोब मात्र फार कमी जण करतात, आणि तात्यांनी मला तो वहीत करून दाखवला होता. नऊ बाय पाच फुटांवर लागण असेल तर एका वेलीच्या वाट्याला ४५ चौरस फूट जागा येते, म्हणजे ४.१८ चौरस मीटर. एकरी वेली बसतात ९६८. वेलीवर ३५ घड ठेवले आणि प्रत्येकाला सोळा पानं दिली, तर वेलीवर एकूण पान झालं ९.२४ चौरस मीटर. जागेच्या सव्वादोन पट. याचा अर्थ मांडवावर पानांचे सव्वादोन थर झाले. माल निघतो वेलीला साडेअकरा किलो, एकराला अकरा टन.

आता कुणी म्हणालं की मला पंधरा-सोळा टन पाहिजे, पन्नास घड ठेवतो. पानं तितकी वाढवावी लागतील, आणि थर होतील तीनच्या वर. गोम इथं आहे. वरचं पान त्याच्यावर पडलेल्या उपयोगी उजेडातला नव्वद टक्क्यांच्या वर उजेड स्वतःच घेतं. खाली सहा-सात टक्के उतरतो. दुसऱ्या थराला फटींतून आणि बाजूनं थोडाफार मिळतो. तिसऱ्या थराचं पान दिसायला पान असतं, पण ते कमवत नाही, दुसऱ्याच्या कमाईवर जगतं. म्हणजे पानं वाढवली तरी कमाई वाढत नाही. एकरी उत्पन्नाला जी हद्द आहे ती पोत्यांनी ठरत नाही, तुमच्या शेतावर पडणाऱ्या उन्हानं आणि ते पकडायच्या तुमच्या मांडणीनं ठरते. वेली चढवायच्या त्या मांडवावर की वाय आकाराच्या आधारावर, काड्यांची दिशा कुठली, फेलफूट (घड नसलेली जादा फूट) कधी काढायची, शेंडा कुठं मारायचा, या सगळ्या कामांमागचं कारण त्या एका हिशोबात सापडतं. मला तो समजला त्या दिवसापासून छाटणीची कात्री हातात धरली की मी काय करतोय हे मला कळत होतं. त्याआधी शेजारी करतोय म्हणून होत होतं.

एप्रिलच्या खरड छाटणीचंही, म्हणजे नव्या काड्या घ्यायच्या छाटणीचंही तेच. घड दिसतात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळ धरायच्या छाटणीनंतर, पण ते ठरतात उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात डोळ्याच्या (काडीवरच्या अंकुराच्या) आत सूक्ष्मघड तयार होत असतो. त्या दिवसांत त्या डोळ्यावर ऊन पडलं पाहिजे. काड्यांची गर्दी असेल, सावली असेल किंवा आभाळ भरून राहिलं असेल, तर डोळा घड करायच्या ऐवजी बाळी (वेलीचा ताणा) करून मोकळा होतो. सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (बगलेतून फुटणारी काडी) करायची आपली पद्धत याच कारणासाठी आहे. पण कारण माहीत नसलं की माणूस सातवं पान मोजतो आणि डोळ्यावर सावली तशीच ठेवतो.

हे सगळं दाभोळकरांनीच शोधलं असं माझं म्हणणं नाही. प्रकाशसंश्लेषण जगभर शिकवतात. द्राक्षाचं शास्त्र मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं १९९७ पासून कितीतरी पुढं नेलंय, आणि त्याआधी द्राक्ष बागायतदार संघानं मोठं काम केलंय. दाभोळकरांचं वेगळेपण असं की ते शास्त्र शेतकऱ्याला ऐकवून ते थांबले नाहीत, शेतकऱ्यानंच ते आपल्या बांधावर करून बघावं असा त्यांचा आग्रह होता. पान मोजायला विद्यापीठ लागत नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढंच लागतं. ज्याला प्रश्न पडतो आणि जो नोंद ठेवतो तो संशोधक, मग तो कितीही शिकलेला असो वा नसो. हे ते नुसतं म्हणत नव्हते, सातवी शिकलेल्या माणसांना त्यांनी तसं वागायला लावलं. माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

प्रयोग परिवाराचा अर्थही लोक अर्धवट लावतात. अध्यक्ष, खजिनदार, वार्षिक सभा असा तो थाट नव्हता. आपापल्या शेतावर काहीतरी करून बघणारी माणसं एकमेकांशी जोडलेली, एवढंच त्याचं रूप. आमच्या गावातलं मंडळ तात्यांच्या पॅकिंग शेडमध्ये बसायचं. मी कॉलेज सोडून शेतीत आलो तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकायला लागलो. तिथला एक दंडक माझ्या अंगात भिनला. बोलायचं ते वहीतलं. "माझ्याकडं यंदा भुरी लई आली" असं या पांढऱ्या बुरशीच्या रोगाबद्दल कुणी म्हटलं की लगेच विचारणा व्हायची: कुठल्या ओळीत, छाटणीनंतर कितव्या दिवशी, पानाच्या वरून की खालून, पाणी कधी दिलं होतं? उत्तर नसेल तर त्या माणसाला कुणी हसायचं नाही, पण चर्चा तिथंच थांबायची आणि पुढच्या बैठकीला तो बघून यायचा. दुसरा दंडक असा की काहीही नवं करायचं तर एक ओळ जुन्या पद्धतीवर राखून ठेवायची. संजीवक असो, खत असो, पाण्याची पाळी असो. राखलेली ओळ नसेल तर फरक पडला की हवामान बदललं हे सांगणार कसं? या एका ओळीनं आमच्या गावाचे औषधांवरचे किती पैसे वाचवले असतील याची मोजदाद नाही. कितीतरी बाटल्या त्या ओळीसमोर टिकल्या नाहीत.

एक प्रसंग तपशिलात सांगतो, कारण तो मला या विचाराचा गाभा वाटतो.

आमच्याकडं फेलफूट काढायला आणि विरळणीला बायकांची टोळी येते. लुगड्यावर पुरुषी शर्ट घालून सकाळी आठच्या सुमारास बागेत शिरतात. त्यांतल्या एक मावशी वयानं मोठ्या, वर्षानुवर्षं याच कामातल्या. ऑक्टोबर छाटणीनंतरचे पाच-सहा पानांवरचे दिवस होते, डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती. मी बांधावर उभा राहून कुठनं फवारणी सुरू करावी याचा विचार करत होतो. मावशी सहज बोलल्या, "त्या लिंबाकडच्या चार ओळींत आमच्या बाह्या भिजत्यात. हिकडं न्हाई भिजत." मी घड्याळ बघितलं, दहा वाजत आले होते. त्या चार ओळींत गेलो, पान उलटून हात फिरवला, हात ओला झाला. बाकी बागेत पानं केव्हाच सुकली होती. बागेच्या पूर्वेच्या बांधावर मोठा कडुलिंब होता. त्याच्या सावलीनं तिथलं दव तास-दीड तास उशिरा उडत होतं. डाऊनीच्या बुरशीला शिरकाव करायला पानावर पाणी टिकावं लागतं, हे मी वाचलेलं होतं. पण माझ्या बागेत ते पाणी कुठं टिकतं हे मला त्या बाईंनी दाखवलं.

लिंबाच्या खालच्या फांद्या आम्ही उतरवल्या, त्या ओळींतली फेलफूट सगळ्यांच्या आधी काढायला लागलो, आणि डाऊनीसाठीची रोजची पाहणी तिथून सुरू व्हायला लागली. पुढच्या बैठकीत मी मावशींना शेडमध्ये बोलावलं. त्या आधी लाजल्या, पण एकदा बोलायला लागल्यावर घडाच्या देठापासून मण्याच्या लवचिकपणापर्यंत अशा गोष्टी सांगितल्या, ज्या आम्ही मालक लोकांनी कधी हात लावून बघितल्या नव्हत्या. हजारो घड त्यांच्या बोटांखालून जातात. त्यांच्याइतकी निरीक्षणं कुणाकडं असणार? माझी ठाम समजूत आहे की आपल्या जिल्ह्यातलं द्राक्षाचं निम्मं ज्ञान या टोळ्यांकडं आहे, आणि ते आपण विचारत नाही म्हणून दरवर्षी वाया जातं.

याचंच मोठं उदाहरण आपल्या तालुक्यात घडून गेलंय. पूर्वी इकडं भोकरी, पांढरी साहेबी, चिमा साहेबी असल्या जाती होत्या. मग बिनबियांचं थॉमसन आलं. त्या थॉमसनच्या बागेत तासगाव तालुक्यातल्याच बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निराळी दिसलेली वेल हेरली, राखली, वाढवली आणि त्यातून तास-ए-गणेश ही जात आली. ती कुठल्या प्रयोगशाळेतून आली नाही. नावात तासगाव आणि तासगावचा गणपती दोन्ही आहेत. महाराष्ट्रभर या जातीखाली किती क्षेत्र गेलं हे तुम्हाला ठाऊक आहे. हजारो वेलींतली एक वेल वेगळी आहे हे दिसायला डोळा तयार असावा लागतो, आणि दिसल्यावर "असेल काहीतरी" म्हणून पुढं न जाता तिथं थांबावं लागतं. त्या काळात तासगावात बघायची, मोजायची आणि दुसऱ्याला दाखवायची जी हवा होती, तिच्यातच असे डोळे तयार होतात.

आता दहा गुंठ्यांचा प्रश्न. दाभोळकरांचं मांडणं असं होतं की पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठे जमीन आणि रोजचं हजार लिटर पाणी यांवर नीट जगू शकतं. लोक हे ऐकून एकतर भक्तिभावानं मान डोलवतात, नाहीतर झटकून टाकतात. दोन्ही मला पटत नाहीत. त्यांनीच शिकवल्याप्रमाणं हिशोब करून बघूया.

दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, मीटरमध्ये हजाराच्या थोडं वर. हजार लिटर पाणी तेवढ्या जागेवर सारखं पसरलं तर उंची भरते एक मिलिमीटर. आपल्या पूर्व भागात उन्हाळ्यात उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला आठ-दहा मिलिमीटरपर्यंत जातं. म्हणजे एक मिलिमीटर तर काहीच नाही, असं वाटेल. पण वर्षाचा हिशोब धरा. रोज एक म्हणजे वर्षाला ३६५ मिलिमीटर. त्यात आपला पाऊस, तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, तो वाहून जाऊ न देता जमिनीत आणि शेततळ्यात धरला, तर बेरीज जाते नऊशेच्या आसपास. पालापाचोळ्यानं जमीन झाकली, सगळी जागा एकाच वेळी ओली न ठेवता मुळांपाशीच पाणी दिलं, आणि उन्हाळ्यात लागवडीखालचं क्षेत्र आवरतं घेतलं, तर ते गणित बसतं. म्हणजे हे स्वप्न नाही. पण त्याला रोज हात लावणारा माणूस आणि सतत भरती होणारी जिवंत माती लागते. मध्य प्रदेशात दीपक सुचदे यांनी हाच धागा धरून 'नाटुएको' शेती पुढं नेली, ती अमृत मातीवरच, म्हणजे पालापाचोळा आणि शेण-गोमूत्र कुजवून केलेल्या मातीवरच उभी आहे.

माझ्या घरामागं एवढ्याच आकाराचा तुकडा आहे. घरची भाजी, शेवगा, पपई, केळी, कडधान्य, लिंबू, हळद तिथं होतं. बायको आणि सून दोघी मिळून बघतात, आणि त्या तुकड्याची वही सुनेकडं असते. घरचं ताट तिथून भरतं हे मी स्वतः बघतो. मात्र बँकेचं कर्ज, पोरांच्या फिया, दवाखाना हेही दहा गुंठ्यांतून भागेल असं मी कुणाला सांगणार नाही. दाभोळकरांच्या त्या मांडणीतली मला पटलेली गोष्ट अशी की जमीन किती यापेक्षा तिच्यावरचं किती ऊन आपण रिकाम्या मातीवर पडू देतो, हे बघायला ती लावते. आपल्याकडं पंधरा एकरवाले आहेत ज्यांच्या बांधावर, रस्त्याकडेला, शेडभोवती वर्षभर ऊन नुसतं मातीवर आपटत असतं.

त्यांना सेंद्रिय शेतीचे प्रचारक म्हणून एका खणात टाकतात, तेही मला अपुरं वाटतं. रासायनिक की सेंद्रिय या भांडणात पडायच्या आधी ते विचारायला लावतात: तुझं झाड आत्ता काय करतंय हे तुला माहीत आहे का? ते माहीत असलं की फवारण्या आपोआप कमी होतात. माझ्या झाल्या. पण अवकाळी पाऊस डोक्यावर असताना आणि फुलोऱ्यात बाग असताना मी बुरशीनाशक मारतो, आणि ते मारणं त्या विचाराच्या विरोधात आहे असं मला वाटत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शेड्यूल असताना हा विचार कशाला?

मी कन्सल्टंटच्या विरोधात नाही. चांगला कन्सल्टंट दहा गावच्या बागा बघून येतो, ती नजर आपल्याकडं नसते. पण शेड्यूल हे सरासरी बागेसाठी लिहिलेलं असतं, आणि सरासरी बाग कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते. तुमच्याकडं मुरमाड जमीन, बाजूला ओढा, पाणी म्हैसाळ उपसा योजनेच्या आवर्तनाचं. शेजारच्या गावात काळी भारी जमीन, पाणी विहिरीचं. दोघांच्या हातात एकच कागद. छाटणीनंतर अमुक दिवशी अमुक डिपिंग (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं), असं त्यात लिहिलेलं असतं. पण मणी दिवस मोजून फुगत नाही. थंडी पडली की तो थांबतो, ऊन वाढलं की पुढं पळतो. कागदावरचा दिवस आणि तुमच्या घडाची अवस्था जुळते का, हे बांधावरचा माणूसच सांगू शकतो. तो माणूस तुम्ही आहात. तुम्ही नोंदी दाखवल्या तर कन्सल्टंटचा सल्लाही बदलतो. मी अनुभवानं सांगतो, ज्याच्या हातात वही असते त्याच्या बागेत कन्सल्टंट जास्त वेळ थांबतो.

मोबाईलचंही तसंच. आमच्या तात्यांना एका पत्राचं उत्तर यायला आठवडा लागायचा, तुम्हाला फोटो एका क्षणात पाठवता येतो. इतकी सोय हातात आल्यावर प्रयोग परिवार गावोगावी फोफावायला हवा होता. झालं असं की द्राक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज पडतात आणि त्यांतला एखादाच पाठवणाऱ्यानं स्वतः बघितलेला असतो. बाकी सगळं इकडचं तिकडं. कुठली जमीन, कुठली जात, वेल डॉगरिज खुंटावर कलम केलेली की स्वमुळावर, छाटणीची तारीख काय, यांतलं काहीच नसतं. तुम्हाला काही उभं करायचं असेल तर लहान करा. एका शिवारातले, सारख्या जमिनीचे सहा-सात जण. मेसेजमध्ये छाटणीची तारीख आणि ओळ लिहिल्याशिवाय फोटो टाकायचा नाही, एवढा एक नियम. आठवड्याला एकाच्या बागेत प्रत्यक्ष जमायचं. ज्याची बाग खराब आहे त्याच्याकडं आधी जायचं, कारण शिकायला तिथंच जास्त मिळतं, आणि त्याला आधाराची गरजही जास्त असते. दुष्काळात टँकरनं बाग जगवताना किंवा २०१९ च्या ऑक्टोबरसारखा पाऊस डोक्यावर कोसळत असताना एकटा माणूस खचतो. आमच्या मंडळातली माणसं अशा वेळी एकमेकांच्या बागेत उभी राहिली. तेवढ्यासाठी जरी हा विचार धरला तरी तो मला मोलाचा वाटतो.

भावाचा प्रश्न या विचारानं सुटत नाही, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. व्यापारी पैसे बुडवतो, बेदाण्याचा दर पडतो, त्यावर पान मोजून उत्तर मिळत नाही. पण चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, आणि गोडी जितकी भरलेली तितका उतारा चांगला. माल मार्केटला न्यायचा की बेदाणा करायचा हे ठरवताना स्वतःच्या घडाची गोडी आणि खर्चाचे आकडे ज्याच्यापाशी असतात, त्याचा निर्णय व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघून होत नाही.

सुरुवात कुठून करायची? तुमची खरड छाटणी झालेली असेल तर काड्या पिकायच्या वेळी एक सोपी तपासणी करा. बागेतली उन्हातली एक काडी आणि दाटीतली एक काडी घ्या. दोन्ही एकाच पेऱ्यावर धारदार ब्लेडनं आडव्या कापा. कापलेल्या तोंडावर औषध दुकानातलं टिंक्चर आयोडीन थेंबभर सोडा आणि थोडं थांबा. जिथं पिष्टाचा साठा आहे तिथं निळसर काळा रंग चढतो. उन्हातल्या काडीचा आणि सावलीतल्या काडीचा रंग शेजारी शेजारी ठेवून बघा, तारखेसकट फोटो काढा आणि ओळ क्रमांक वहीत लिहा. ऑक्टोबर छाटणीच्या आधी डोळ्यांतले घड बघायच्या तपासणीला काड्या द्याल, तेव्हा याच दोन जागांच्या वेगवेगळ्या बांधून, चिठ्ठ्या लावून द्या. घड कुठं जास्त निघाले ते त्या रंगाशी ताडून बघा. आमच्याकडचे आकडे भारी जमिनीचे आहेत, ते तुमच्या मुरमाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तुमचे आले की कळवा, दोन्ही एकत्र मांडून बघू.